गोदामांच्या गावात माणसांची घरे

ठाण्याहून बाळकुमचा नाका मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा आणि मग भिवंडी. हा जुना आग्रा रोड. एकेकाळी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेती, खाजणे आणि आगरी-कोळ्यांची कौलारू घरे होती. आज उजवीकडे-डावीकडे पाहावे तिकडे पत्र्याची लांबच लांब गोदामे दिसतात. मधूनच जुन्या यंत्रमागांचा खडखडाट कानी येतो. रस्त्याला लागून उंच इमारती उठल्या आहेत, त्यांच्या दर्शनी भागावर खाडीच्या देखाव्याची जाहिरात आहे, आणि डोक्यावरून ‘मेट्रो पाच’ची मार्गिका गेली आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण या मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. त्याच्या स्थानकांच्या यादीत बाळकुम नाक्यानंतर कशेळीचे नाव आहे.

या रस्त्याने मी अनेक वर्षे ये-जा करीत आलो आहे. गोदामात माल ठेवायला जागा आहे, इमारतीत पैसेवाल्याला जागा आहे, खांबांवरून गाडी जायलाही जागा झाली. पण जो माणूस हा माल उचलतो, जो हे माग चालवतो, तो रात्री पाठ टेकतो कुठे, हा प्रश्न मला या रस्त्यावर दर वेळी पडतो. उपनगराचे ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द अलीकडे सगळ्यांच्या तोंडी असतो. कशेळीसारख्या गावाच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, हे त्या माणसाच्या निवाऱ्यावरूनच ठरणार आहे.

भिवंडी कशी वाढली

भिवंडीचे विणकाम जुने. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर इथे स्थिरावले, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. शहरातल्या पद्मानगरात आजही तेलुगू कानावर पडते. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. मुंबईतल्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथे आले आणि पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा धावू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांमधले कापड कमी कमी होत गेले आणि भिवंडीचे वाढत गेले. गिरणगावातली नोकरी गेली. ते काम खाडीपलीकडे गेले, पण नोकरी म्हणून नव्हे, मजुरी म्हणून. गिरणी कामगाराला पगारपत्रक होते, भविष्यनिर्वाह निधी होता, संघटना होती. भिवंडीच्या कामगाराला मीटरवर मजुरी आणि बारा तासांची पाळी मिळाली.

गोदामांची कहाणी वेगळी आहे आणि तिचे मूळ करात आहे. मुंबईत माल आणायचा तर जकात भरावी लागे. भिवंडी तालुक्यातली ही गावे ग्रामपंचायतींची, मुंबईच्या जकात नाक्यांच्या बाहेरची. माल इथे उतरवून ठेवायचा आणि लागेल तेवढाच शहरात न्यायचा, हा व्यापाऱ्यांचा साधा हिशेब. त्यात नाशिक महामार्ग शेजारी आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेव्याचे बंदर आवाक्यात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. तेव्हा काहींना वाटले, आता गोदामे ओस पडतील. झाले उलटेच. राज्याराज्यांत विखुरलेली छोटी गोदामे मोडून मोठी, एकत्रित गोदामे उभारणे कंपन्यांना परवडू लागले. घरबसल्या मागवलेली साडी, पुस्तक किंवा पंखा आज मुंबई-ठाण्याच्या घरात पोचण्याआधी बहुधा भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या पत्र्याखाली थांबून आलेला असतो.

म्हणजे एकाच पट्ट्यात दोन मोठे उद्योग नांदत आहेत, आणि दोघांनाही माणसे लागतात. पण या दोन्ही उद्योगांनी माणसांच्या घराची जबाबदारी कधी घेतली नाही.

खाट एक, माणसे दोन

२०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेची लोकसंख्या सात लाखांवर होती. तिच्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सातशेच्या आसपास. एवढा एकच आकडा या शहराविषयी पुष्कळ सांगून जातो. ही जन्माच्या वेळच्या तफावतीची गोष्ट नाही. कामाला आलेले पुरुष एकटे आले आहेत आणि बायका-मुले गावी, उत्तर प्रदेशात, बिहारात, तेलंगणात राहिली आहेत, असा त्याचा अर्थ आहे.

अशा एकट्या माणसांचे राहणे पाळ्यांवर चालते. एका खोलीत दहा-बाराजण. दिवसपाळीवाला कामावर गेला की रात्रपाळीवाला त्याच जागी येऊन आडवा होतो. काहीजण मागाच्या शेजारीच, कापडाच्या ताग्यांच्या आडोशाला झोपतात. जेवण ‘बिसी’त. बिसी म्हणजे महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणारी खाणावळ. गिरणगावात ज्या बायका कामगारांचे डबे करीत आणि ज्यांच्यातून १९७५ साली प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, त्यांचीच ही भिवंडीतली नात्यातली माणसे म्हणावीत. फरक इतकाच, की गिरणगावात कामगाराला निदान चाळीतली खोली होती आणि चाळीला सण होते, भजने होती, शेजार होता.

एका यंत्रमाग कामगाराशी बोलताना मी विचारले, “घरच्यांना का आणत नाही?” तो हसला आणि म्हणाला, “भाई, बायकोला आणायचं तर दार लागेल ना! आमच्या खोलीला दार आहे, पण ते लावायचं कधी? कोणी ना कोणी आत येतंच असतं.” घर नसण्याचा अर्थ मला त्याच्याइतक्या थोडक्यात कोणी सांगितलेला नाही.

गोदामातल्या हमालांची आणि माल निवडणाऱ्या-बांधणाऱ्या पोरा-पोरींची स्थिती थोडी निराळी आहे. त्यांतले बरेच स्थानिक किंवा आसपासच्या शहरांतले. रिक्षा, बस बदलत येणारे. पण जे परगावचे आहेत ते गोदामांच्याच वरच्या मजल्यांवर किंवा आडबाजूच्या चाळींत राहतात. ही बांधकामे कोणी तपासलेली असतात, कोणी नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमधली तीन मजली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. २९ एप्रिल २०२३ रोजी वळ गावात खाली माल आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत पडली, आठजणांचा जीव गेला. त्याआधी ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ अर्धवट बांधलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ बळी गेले होते. तिथे राहायला गेलेल्यांमध्ये मजूरच अधिक होते. या तिन्ही घटनांनंतर चौकशा झाल्या, गुन्हे दाखल झाले, धोकादायक इमारतींच्या याद्या निघाल्या. परंतु अशा इमारतीत माणूस का राहतो याचे उत्तर यादीत नसते. परवडेल असे दुसरे काही त्याला मिळत नाही म्हणून तो राहतो. नोटीस लावून इमारत रिकामी करता येते. रिकामा केलेला माणूस तितक्याच वाईट दुसऱ्या इमारतीत जातो.

मालक कोण, हाच प्रश्न

कामगाराला घर कोणी द्यावे? जुने उत्तर होते, मालकाने. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला तेव्हा कारखान्याबरोबर वसाहतही उभी केली. वालचंदनगरला तसेच झाले, विक्रोळीला गोदरेजने तसेच केले. तिथे मालक एक होता, कामगार कायम होते आणि जमीन मालकाची होती.

भिवंडीत यांतले काहीच नाही. सूत एका व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचे, शेड तिसऱ्याची, आणि कामगार आणणारा मुकादम चौथा. माग चालवणाऱ्या कित्येक छोट्या मालकांची स्वतःची स्थिती मजुराहून फार बरी नसते. सुताचा भाव चढला आणि कापडाचा उतरला की माग बंद. गोदामांतही हीच साखळी. मालावर नाव एका कंपनीचे, वाहतुकीचे कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे, माणसे पुरवणारा ठेकेदार तिसरा, आणि गोदामाची जमीन कशेळी-काल्हेरच्या एखाद्या शेतकऱ्याची. घराचा प्रश्न काढला की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो, आणि खरे सांगायचे तर एकट्याच्या ऐपतीत ते नसतेच.

म्हणून हा प्रश्न एकेका मालकाच्या माणुसकीवर सोडून भागणार नाही. सगळ्या धंद्याने मिळून थोडे थोडे द्यायचे आणि त्यातून सार्वजनिक घरे उभी करायची, असाच मार्ग उरतो. ही कल्पना परकी नाही. महाराष्ट्राने ती शंभर वर्षांपूर्वीच वापरून पाहिली आहे.

कापसाच्या गाठीवर एक रुपया

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची फार ओढ होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी त्याच खात्याच्या. एकूण २०७ इमारती आणि सुमारे १६,००० खोल्या, प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची. पैशासाठी कर्ज उभारले गेले, त्याचबरोबर मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. ज्या कापसावर गिरण्या चालत, त्या कापसाने गिरणी कामगाराच्या खोलीचा भार थोडा उचलावा, असा हा विचार होता.

चाळी झाल्या, पण वरळीच्या खोल्या सुरुवातीला भरेनात. कामाच्या जागेपासून दूर, भाडे कामगाराच्या मानाने जास्त, बाजारहाट नाही, रस्ते नाहीत. १९३० च्या सुमारास सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने तिथल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर केला. पुढे शहर वरळीपर्यंत आले आणि याच चाळी गजबजून गेल्या, इतक्या की तीन-तीन पिढ्या तिथेच वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना वरळीत पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या या कहाणीतून दोन गोष्टी निघतात. उद्योगाकडून पैसा उभारता येतो. आणि घर कामापासून दूर असले तर ते रिकामे राहते.

दुसरा धडा मात्र आपण सारखा विसरतो. गिरण्यांच्या जमिनींचा वाद १९९१ च्या नियमांपासून २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. जमिनीचा मोठा भाग विकासकांकडे गेला. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्जदार होते सुमारे दीड लाख. मग घरे शोधायला सरकार शहराबाहेर निघाले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना काढली होती. विकासकाला जादा बांधकामाची मुभा द्यायची आणि त्याच्याकडून छोटी घरे फुकट घ्यायची, अशी तिची रीत. या घरांचा आकार होता १६० चौरस फूट. लॉइडसाहेबांच्या खोलीएवढाच! भाड्याची ही योजना नीट चाललीच नाही. शेवटी दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांची घरे गिरणी कामगारांना विकायची असे ठरले. पनवेलजवळच्या कोन गावच्या २,४१७ घरांची सोडत डिसेंबर २०१६ मध्ये निघाली, पण विजेत्यांना ताब्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. मध्यंतरी करोनाच्या साथीत त्या इमारतींत विलगीकरण केंद्र होते.

अशीच १,२४४ घरे आपल्या भिवंडी तालुक्यात, रांजनोळीला आहेत. तीही साथीच्या काळात विलगीकरणासाठी वापरली गेली. पुढे शेलू आणि वांगणी इथे हजारो घरांचा प्रस्ताव आला तेव्हा गिरणी कामगारांच्या संघटनांनी विरोध केला, ‘आम्ही मुंबईत खपलो, आम्हाला मुंबईत घर द्या’ म्हणून. त्यांचे चूक आहे असे मला वाटत नाही. पण मनात एक विचित्र प्रश्न येतो. ज्या रांजनोळीत मुंबईच्या निवृत्त कामगाराला घर ठेवले आहे, त्याच रांजनोळीच्या आसपास आज रात्रपाळी करणारा कामगार मात्र गाळ्यात झोपतो. त्याच्या नावाने सोडत नाही. एका पिढीचे देणे चाळीस वर्षे उशिरा फेडताना पुढच्या पिढीचे नवे देणे आपण तयार करीत आहोत.

सोलापूरच्या बायकांनी काय केले

काहीच घडत नाही असे नाही. सोलापूर हेही कापडाचे शहर, तिथेही पद्मशाली समाज मोठा, तिथेही असंघटित मजुरी. फरक असा की तिथल्या विडी वळणाऱ्या बायका संघटित झाल्या. नरसय्या आडम, ज्यांना सोलापूर ‘आडम मास्तर’ म्हणते, त्यांच्या पुढाकाराने शहरालगतच्या कुंभारी गावात गोदूताई परुळेकरांच्या नावाने महिला विडी कामगारांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिची दहा हजार घरे. सप्टेंबर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगार स्त्रियांच्या हाती दिली गेली. गोदूताई म्हणजे ठाणे जिल्ह्यात १९४५ पासून वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे करणाऱ्या गोदावरी परुळेकर. आपल्याच जिल्ह्यात त्यांनी काम केले आणि त्यांच्या नावाची कामगार वसाहत उभी राहिली ती सोलापुरात, हे ठाणेकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतर तिथे रे नगर आले. तीस हजार घरांची योजना, प्रत्येकी सुमारे तीनशे चौरस फूट. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, शिलाई करणारे, कचरा वेचणारे यांच्यासाठी. पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये आणि पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. डाव्या पक्षाच्या कामगार नेत्याने चिकाटीने मागितलेली घरे वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी पुरी केली. घराची मागणी पक्षापलीकडे नेता येते, याचा हा पुरावा.

सोलापूरच्या पहिल्या वसाहतींमागे आणखी एक गोष्ट होती. १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवला होता आणि त्यातून विडी कामगारांच्या दवाखान्याला, मुलांच्या शिष्यवृत्तीला आणि घराला मदत होई. वस्तू व सेवा कर आल्यावर, २०१७ मध्ये, तो उपकर गेला. पण तोवर विडीने विडी वळणाऱ्यांच्या घराला हातभार लावला होता. कापसाच्या गाठीवरचा रुपया आणि विडीवरचा उपकर, दोन्हींमागचा विचार एकच.

माथाडींचेही उदाहरण जवळचे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमाल आज एका व्यापाऱ्याकडे तर उद्या दुसऱ्याकडे ओझे वाहतो, मग त्याचा मालक कोण? कायद्याने उत्तर काढले: मंडळ. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाचा निधी, उपदान, औषधपाणी पाहायचे. नोंद झाली म्हणून पत निर्माण झाली, आणि पत निर्माण झाली म्हणूनच कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींच्या वसाहती उभ्या राहू शकल्या. भिवंडीच्या साखळीत ‘मालक कोण’ हा जो गुंता मी वर सांगितला, तो महाराष्ट्राने पूर्वी एकदा सोडवलेला आहे.

कशेळीत काय करता येईल

कशेळी आणि आसपासची साठ गावे ‘भिवंडी परिसर अधिसूचित क्षेत्रा’त येतात. २००७ पासून इथे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून महानगर प्राधिकरणाची नेमणूक झाली. मेट्रो बांधणारेही तेच. रस्ता, रेल्वे आणि जमिनीचा वापर एकाच संस्थेच्या हाती असणे ही मोठी सोय आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणाने ‘माझे घर, माझा अधिकार’ असे नाव घेतले, २०३० पर्यंत पस्तीस लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि कामाच्या जागेजवळ घर या कल्पनेला स्थान दिले. ती कल्पना कुठेतरी करून दाखवायची असेल तर या पट्ट्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. काम आहे, माणसे आहेत, स्थानक आहे.

पहिली गोष्ट पैशाची. केवळ हिशेब समजावा म्हणून सांगतो. एक कोटी चौरस फूट गोदामावर दर चौरस फुटाला महिन्याला आठ आणे घेतले, तर महिन्याला पन्नास लाख आणि वर्षाला सहा कोटी रुपये होतात. गोदामाच्या भाड्यात आठ आणे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. तालुक्यातले गोदामांचे क्षेत्र एक कोटी चौरस फुटांहून कितीतरी मोठे आहे. ही रक्कम फक्त कामगारांच्या घरांसाठी, वेगळ्या खात्यात, दरवर्षी जाहीर हिशेबासह ठेवली तर तिच्या आधारावर स्वस्त कर्जही उभे राहील.

दुसरी गोष्ट घराच्या प्रकाराची. आपल्याकडे स्वस्त घर म्हटले की मालकीचे घर, सोडत आणि बँकेचे कर्ज डोळ्यांपुढे येते. पण वर्षातून दोन महिने शेतीला गावी जाणारा, मजुरीचा कागद नसलेला माणूस कर्ज कुठून काढणार? त्याला भाड्याची जागा हवी: एकट्याला स्वच्छ खाट, कुलूप लागेल अशी पेटी आणि शौचालय, कुटुंबवाल्याला दार लावता येईल अशी खोली, एकट्या कामकरी मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह. गोदामांत मुली मोठ्या संख्येने काम करतात, हे आराखडे काढणारे पुष्कळदा विसरतात. केंद्राने जुलै २०२० मध्ये, मजूर पायी गावी निघाल्यानंतर, परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना आणली होती. त्याच वर्षी मे महिन्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली होती. हाताला काम नसले की ज्या शहरात एक आठवडाही राहता येत नाही, तिथे माणूस वीस वर्षे राबला तरी परकाच राहतो. व्हिएन्नाने पहिल्या महायुद्धानंतर नगरपालिकेची भाड्याची घरे बांधायला घेतली. आजही त्या शहरातली जवळजवळ निम्मी वस्ती अशा सार्वजनिक किंवा अनुदानित घरांत राहते, आणि ते युरोपातले दरिद्री शहर झालेले नाही.

तिसरी गोष्ट गावकऱ्यांची. कशेळी-काल्हेरच्या आगरी शेतकऱ्याने आधी भातशेती सोडली, मग गोदाम बांधले किंवा जमीन दिली. त्याच्याशी बोलताना जाणवते की त्याला कामगार नको आहेत असे नाही. त्याला भीती आहे ती आरक्षणाची, जमीन कवडीमोलाने जाण्याची. एक गृहस्थ मला म्हणाले, “दादा, सरकार जागा मागतं तेव्हा रेघ मारतं, आणि बिल्डर मागतो तेव्हा चहा पाजतो. मग माणूस कोणाकडं जाईल?” याला उत्तर भागीदारीचे असायला हवे. जमीन त्याच्याच मालकीची राहावी, तिच्यावर कामगार वसतिगृह उभे राहावे आणि ठरलेल्या भाड्यातला वाटा त्याला पिढ्यानपिढ्या मिळावा. आजही तो चाळी बांधून भाडे घेतोच. फक्त त्या चाळीला पाया, जिना, आगीपासून संरक्षण आणि अधिकृत नकाशा मिळवून द्यायचा आहे.

चौथी गोष्ट पाण्याची. तानसापासून मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठमोठ्या नळवाहिन्या याच तालुक्यातून जातात. मुंबईचे पाणी शुद्ध करणारे पांजरापूरचे केंद्रही इथेच. तरी इथल्या वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उंच इमारतींना परवानगी देताना पाणी कुठून येणार हे विचारले जाते. चाळीला ते विचारायचीही सोय नाही, कारण ती कागदावर नसतेच. घरांची योजना पाणी, मलनिस्सारण, शाळा आणि दवाखान्यासह आली नाही तर आपण आणखी एक वरळी उभी करू, १९२५ सालची.

वेळ थोडा आहे

मेट्रोमुळे जमिनीचे भाव चढतात, हा सगळीकडचा अनुभव. मानकोलीहून डोंबिवलीला जोडणारा पूल २०२४ मध्ये खुला झाला आणि या पट्ट्याचे दुसरे दारही उघडले. ठाणे-मुंबईत घर न परवडणारे मध्यमवर्गीय कुटुंब इथे येणार, आणि त्यात काही गैर नाही. तेही कष्टाचेच पैसे घालून घर घेते. पण जी गोदामे आणि माग यांच्यामुळे हा पट्टा जिवंत आहे, त्यांचा कामगार भाडे वाढले म्हणून पडघ्याकडे, वाड्याकडे लोटला गेला, तर त्याची मजुरी प्रवासात जाईल आणि बेकायदा चाळी दहा मैल पुढे सरकतील, इतकेच होईल. स्थानकाभोवतीच्या जमिनींपैकी काही भाग आजच कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवला तर तो स्वस्तात ठेवता येईल. पाच वर्षांनी तीच जमीन कोणत्याच उपकरातून परवडणार नाही. गिरण्यांच्या जमिनींबाबत आपण हेच अनुभवले. निर्णय व्हायला पंधरा वर्षे गेली आणि तोवर वाटायला फारसे उरले नाही.

एखाद्या औद्योगिक गावाचे भले झाले हे कसे ओळखावे? मला विचाराल तर मी इमारतींचे मजले मोजणार नाही. पुढच्या जनगणनेत भिवंडीच्या हजार पुरुषांमागे स्त्रियांचा आकडा सातशेवरून किती वर चढला, ते मी पाहीन. तो चढला, म्हणजे माणसांनी आपली बायको-मुले इथे आणली, मुले इथल्या शाळेत जाऊ लागली, कोणाच्या तरी दारात संध्याकाळी रांगोळी आली, कोणाकडे ईदचा शीरखुर्मा शेजारी जाऊ लागला. म्हणजेच खोलीला दार आले आणि ते लावताही येऊ लागले. कशेळीच्या नकाशावर मेट्रोचे स्थानक आधीच रेखाटले गेले आहे. त्याच्या शेजारी ही घरे रेखाटायला अजून जागा शिल्लक आहे.